सिस्टर कांबळ्यांचे ब्रेक

आमच्या बिल्डिंगच्या आवारात सकाळी सकाळी एखाद्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले तर इथलं कुणी घाबरत नाही. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट असले की ते पाय सिस्टर कांबळ्यांचे. नवा दूधवाला एकदा घाबरला होता. त्याला वाटलं, अपघात झाला. तो खाली वाकून "मावशी! ओ मावशी!" करत ओरडायला लागला. गाडीखालून आवाज आला, "ओरडू नका. आत ऑपरेशन चालू आहे. दूध तिसऱ्या मजल्यावर द्या, आणि जाताना तो पाना जरा इकडे सरकवा."

दूधवाल्याने पाना सरकवला. तेव्हापासून तो सिस्टरांच्या दुधात पाणी घालत नाही अशी वदंता आहे.

सिस्टर म्हणजे विजया कांबळे. परळच्या एका मोठ्या इस्पितळात उभी हयात नोकरी करून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या. उंची बेताची, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, अंगावर ऑपरेशन थिएटरमधला जुना हिरवा गाऊन आणि आवाज असा, की त्या आवाजात "भेटायची वेळ संपली" एवढं ऐकलं तर माणूस स्वतःच्या घरातूनसुद्धा उठून जाईल. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारायची आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची छाती झाली नाही. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आडून आडून विचारलं, तर सिस्टरांनी त्यांचं बीपी बघितलं.

सिस्टर माणसांना नावाने हाक मारत नाहीत. खोलीच्या नंबराने मारतात. वॉर्डातल्या खाटांची सवय. मी एकवीस नंबर. माझी बायकोही एकवीस नंबर. त्यामुळे जिन्यात भेटल्या की म्हणतात, "एकवीस नंबर, तुमच्या एकवीस नंबरला सांगा, डोळ्यांखाली सूज दिसतेय, मीठ कमी करा." आमच्या सोसायटीचे चेअरमन चव्हाण हे सात नंबर. त्यांना हे आवडत नाही. पण न आवडून सांगतात कुणाला?

या सगळ्यांत नंबर नसलेला आणखी एक मेंबर आवारात उभा असतो, त्याला सिस्टर 'पेशंट' म्हणतात. सकाळी जिच्याखालून पाय दिसतात, तीच ती जुनी व्हॅन.

परदेशी गाडी. गोल डोळे, चपटं तोंड, इंजिन मागच्या बाजूला. वयाने माझ्यापेक्षा थोडी मोठीच असेल. आत उलगडून मोठा करायचा पलंग, घडीचं टेबल, एवढंसं बेसिन, खिडक्यांना पडदे. गावोगाव फिरावं आणि रात्री त्या गाडीतच झोपावं, अशा सोयीची. दादरच्या एका बंगल्यामागे ती कित्येक वर्षं धूळ खात उभी होती. मालक म्हातारे झालेले, सिस्टरांचे जुने पेशंट. ते गाडी भंगारवाल्याला द्यायला निघाले तेव्हा सिस्टर तिथे त्यांचं ड्रेसिंग बदलत होत्या.

"श्वास चालू आहे का हिचा?" सिस्टरांनी विचारलं.

"कधीकधी स्टार्ट होते," मालक म्हणाले.

"मग डिस्चार्ज कसला देता? मी घेऊन जाते."

गाडी टोचन लावून आवारात आली त्या दिवशी सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. नंतरचे बरेच दिवस जिन्यात दुसरा विषय नव्हता. माझी बायको शुभांगी म्हणाली, बाई लडाखला जाणार. काकू म्हणाल्या, छे, गणपतीत कोकणात जायला घेतली असेल, तिकडच्या हॉटेलात बाथरूम धड नसतात. चव्हाण म्हणाले, ही गाडी कुठेही जाणार नाही, माझ्या डोक्यावर बसणार. सिस्टरांना सरळ विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आधी पेशंट बरा होऊ दे. फिरायला कुठे न्यायचं ते मग बघतात."

गाडी चालवायला सिस्टर तरुणपणी शिकल्या त्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरांकडून. त्यामुळे स्टिअरिंगवर बसल्या की समोरचा रस्ता रिकामा होणारच, असा एक विश्वास त्यांच्या चेहऱ्यावर असतो. आणि रस्ता खरंच रिकामा होतो. माणसं ती गाडी बघायला थांबतात, की त्या चेहऱ्याला बघून बाजूला होतात, ते सांगता येत नाही.

इंजिन सुरळीत चालू लागल्यावर एका रविवारी त्यांनी मला खालून हाक मारली. "एकवीस नंबर! रिकामे आहात ना? बसा पुढे." मला कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि सिस्टरांनी हे निदान पूर्वीच केलेलं होतं.

जाताना सगळं छान झालं. गाडी लालबागच्या दिशेने पुलावर चढली, वरून दोन्ही बाजूंचे टॉवर आणि मधूनच एखादी गिरणीची चिमणी दिसली, वारा आला. मी म्हटलं, "मस्त चाललीय हो." मग उतार लागला. खाली सिग्नल लाल, आणि आमच्या पुढ्यात एक बस निवांत उभी. सिस्टरांनी ब्रेकवर पाय ठेवला. पाय सरळ खाली गेला. जिना संपला आहे असं कळायच्या आत आपण आणखी एक पायरी उतरायला जावं, तसा.

"काही होत नाही," सिस्टर म्हणाल्या.

हे वाक्य नर्स केव्हा म्हणते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी डोळे मिटले. सिस्टर पेडलवर धाडधाड पाय मारत होत्या, छाती दाबून श्वास परत आणतात तशा लयीत. मधेच कुठेतरी थोडा ब्रेक लागला, त्यांनी हॅंडब्रेक ओढला, गाडी डावीकडे झुकली, फुटपाथला घासत गेली आणि एका शहाळेवाल्याच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून थांबली. चार-पाच शहाळी गडगडत बसखाली गेली. शहाळेवाला कोयता हातात धरून तसाच उभा.

सिस्टर खाली उतरल्या आणि आधी त्याची नाडी बघितली. "श्वास घ्या. आता हळू सोडा. शाबास. कोयता खाली ठेवा." मग त्यांनी दोन शहाळी फोडायला सांगितली आणि एक माझ्या हातात दिलं. "प्या. शॉकमध्ये आहात."

पण त्यानंतर त्यांनी जे केलं ते माझ्या लक्षात राहिलं. त्या मागचं दार उघडून आत गेल्या. पलंगावरची गादी सरकून पुढच्या सीटवर येऊन आपटली होती. सिस्टरांनी ती उचलून जागेवर ठेवली, तिच्यावर हात फिरवला आणि तशाच बसून राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"इथे कुणी झोपलेलं असतं तर?" त्या म्हणाल्या.

"पण कुणी नव्हतं ना, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेलं शहाळं मुकाट्याने पिऊन टाकलं.

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांमागे एक गल्ली आहे, तिथे बाबल मेस्त्रींचं गॅरेज. मेस्त्री मालवणचे, जुन्या गाड्यांतले दर्दी आणि सिस्टरांइतकेच हट्टी. त्यांनी गाडी वर उचलली, चाकं काढली, आत डोकावले आणि म्हणाले, "जुने ड्रम ब्रेक आसत. लायनर बदलूया, झाला काम."

"आणि पुन्हा पाय खाली गेला तर?"

"तर देवाक आठवायचा."

"माझ्या वॉर्डात ते चालत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मला नीट समजावून सांगा. पाय दाबला की आत काय होतं?"

मेस्त्रींनी समजावलं. पेडलच्या पुढे एक सिलिंडर, त्यात तेल, ते तेल पाइपांतून चारही चाकांना जातं आणि ब्रेक दाबतं. सिस्टरांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे हृदय इथे आणि नसा अशा. मग मेस्त्री, चारही हातापायांना रक्त एकाच नसेतून? ती फुटली की सगळंच गेलं?"

"पुढच्या मॉडेलात दोन लायनी येतत. एक गेली तर दुसरी चलता."

"हं. दोन किडन्या. तेच बसवा."

असं करत करत त्या दुपारी ठरलं की पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचे, दोन लायनींचा नवा सिलिंडर घालायचा आणि पायाला जोर कमी लागावा म्हणून बूस्टर लावायचा. बूस्टरला इंजिनातून हवेची ओढ लागते, आणि हिचं इंजिन मागे, म्हणजे एक नळी आख्ख्या गाडीखालून मागून पुढे आणायची. मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. कपाळ काळं झालं.

त्याच जातीची एक जरा नवी गाडी कुर्ल्याच्या भंगारात निघाली होती. तिच्या डिस्क मिळाल्या. सिस्टर त्याला अवयवदान म्हणत आणि त्या मेलेल्या गाडीबद्दल आदराने बोलत. गॅरेजच्या शेजारी मिरच्या कांडायची गिरणी. ती चालू झाली की मेस्त्री, मी, गल्लीतलं मांजर, सगळे शिंकायचे. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना मास्क वाटले आणि हात धुतल्याशिवाय नव्या डिस्कला हात लावायचा नाही असा नियम केला. "तेलकट बोट लागलं तर ब्रेक घसरतो, मेस्त्री. तुम्हीच सांगितलंत."

"मीच मराक सांगितलंय," मेस्त्री साबण शोधत म्हणाले.

डिस्क बसल्या. सुरेख दिसत होत्या. मग मेस्त्री चाक चढवायला गेले आणि चाक चढेना. नव्या ब्रेकचा जबडा मोठा, जुन्या रिमच्या आत मावत नव्हता. मेस्त्री मटकन स्टुलावर बसले. मला वाटलं, आता भांडण होणार. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "प्लास्टर घातल्यावर जुनी चप्पल कशी जाईल? चपला बदला." परत कुर्ला. त्या मेलेल्या गाडीने चाकंही दिली.

सगळ्यांत मोठं काम तेल भरायचं. पाइपात हवा राहिली तर पाय दाबल्यावर नुसती हवाच दबते, ब्रेक लागत नाही. म्हणून एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा नट सैल करून बुडबुडे बाहेर सोडायचे. मेस्त्रींनी तोंड उघडण्याआधीच सिस्टर म्हणाल्या, "नसेत हवा गेली तर काय होतं ते मला शिकवू नका." त्यांनी पिशवीतून सलाइनची स्वच्छ नळी काढली, नटाला लावली आणि गाडीखाली शिरल्या. पेडलवर मी.

"दाबा... धरा... धरून ठेवा, एकवीस नंबर! पाय हलला तर बघा... आता सोडा."

माझा पाय भरून आला, थरथरायला लागला. गाडीखालून सिस्टर नळीतले बुडबुडे बघत होत्या. आणि मग म्हणाल्या, "आला. स्वच्छ आला. पेशंट स्टेबल आहे." आवाजात एवढा आनंद होता की मेस्त्रींनी मिरचीच्या गिरणीवाल्यालाही चहा सांगितला.

चाचणीला आम्ही वडाळ्याला गेलो, मिठागरांच्या बाजूचा रस्ता मोकळा असतो म्हणून. मेस्त्री चालवायला, मी शेजारी. सिस्टरांनी मागच्या पलंगावर एक पाट ठेवला, पाटावर स्टीलचा पेला, पेल्यात काठोकाठ पाणी. मेस्त्रींनी गाडी पळवली आणि ब्रेक मारला. गाडी खांब ठोकावा तशी जागच्या जागी उभी राहिली. पेला उडाला आणि पाणी माझ्या मानेवर आलं.

"बघा!" मेस्त्री छाती फुगवून म्हणाले. "जाग्यावर!"

"नापास," मागून आवाज आला.

"अहो, गाडी थांबली मा?"

"गाडी थांबली. पाणी थांबलं नाही."

मेस्त्री माझ्याकडे वळले. "ह्यांका ब्रेक होयो काय पाळणो?"

पुढचे काही आठवडे ह्या पेल्याचे. मेस्त्रींनी बूस्टर बदलून जरा मवाळ बसवला. मागच्या ब्रेकची ओढ वाढवली, म्हणजे सगळा भार पुढच्या चाकांवर येऊन गाडी नाक खुपसणार नाही. उरलेलं काम पायाचं होतं. सिस्टर रोज सकाळी माटुंग्याच्या बगीच्यांभोवती गाडी घेऊन जात आणि थांबायचा सराव करत. मॉर्निंग वॉकवाल्यांना वाटे, बाई सारखा पत्ता चुकतायत. "ब्रेक दाबायचा नसतो," त्या मला सांगत. "नाडीवर बोट ठेवतो तसा पाय ठेवायचा. पेशंटला कळता कामा नये की आपण हात लावला."

मेस्त्री वैतागले, काम सोडतो म्हणाले, आणि तीन दिवसांनी स्वतःचाच पेला घेऊन बगीच्याजवळ हजर झाले. त्यात चहा होता. "पाण्यापेक्षा च्या बरो. सांडलो तर डाग दिसता." त्या दिवशी चहा सांडला नाही. मेस्त्रींनी तो तिथेच उभ्याने पिऊन टाकला.

इकडे चव्हाणांनी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लावली, की आवारातील नादुरुस्त वाहन महिनाअखेर हलवावे, अन्यथा सोसायटी ते हलवेल. सूचनेत नाव नव्हतं, पण नादुरुस्त हा शब्द सिस्टरांना लागला. गच्चीवर मीटिंग झाली तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

"सात नंबर, तुमचं म्हणणं ही गाडी नाही, भंगार आहे. बरोबर?"

"तसं नाही, सिस्टर, पण नियम म्हणजे..."

"उद्या सकाळी खाली या. मी गाडी बाहेर काढते. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. परत आल्यावर तुम्ही म्हणालात भंगार, तर मी स्वतः भंगारवाल्याला फोन करते."

चव्हाण आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, बायको आणि दोन मुली गॅलरीत. मी मागे बसलो. सिस्टरांनी गाडी मुद्दाम त्याच पुलावर घातली. उतारावर वेग आला तसे चव्हाण दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले. आणि पुलाच्या पायथ्याशी, आमच्या बरोबर समोर, गोणपाटांनी लादलेली एक हातगाडी आडवी आली. चव्हाणांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"थांबवा! अहो सिस्टर, थांबवा ना!"

"थांबून झालं," सिस्टर म्हणाल्या. "डोळे उघडा."

हातगाडीवाला आमच्यापासून चांगला लांब होता, तंबाखू मळत आरामात रस्ता ओलांडत होता. चव्हाणांनी आधी त्याच्याकडे, मग खाली सिस्टरांच्या पांढऱ्या बुटाकडे बघितलं. परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावरचा कागद काढला. भिंतीकडेची जागा व्हॅनला कायमची मिळाली. वर ते ज्याला त्याला सांगायचे, "डिस्क ब्रेक आहेत, डिस्क! मी स्वतः टेस्ट घेतली."

आता बिल्डिंगला वाटलं, लडाख नक्की. शुभांगीने तर सिस्टरांसाठी लोकरीची टोपी विणायला घेतली.

पुढच्या रविवारी सिस्टर आमच्या दारात आल्या. हिरवा गाऊन नव्हता, निळ्या काठाची कोरी पांढरी साडी होती. "जरा येता का? उचलायला माणूस हवा." मला वाटलं, इंजिन. मी जुना शर्ट घालून खाली उतरलो.

आम्ही वडाळ्याला एका छोट्या वृद्धाश्रमाशी थांबलो. तळमजल्यावरच्या खोलीत खिडकीपाशी एक बाई उताणी झोपली होती. बारीक चण, केस कापलेले, डोळे मात्र चुणचुणीत. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, बाकी काही नाही.

"ही कुसुम पालव," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही ट्रेनिंगला एकत्र होतो." आणि चादर सारखी करायला लागल्या.

मी, आश्रमातला एक मदतनीस आणि सिस्टर, तिघांनी मिळून कुसुमताईंना चादरीसकट उचललं. उचलताना त्यांनी ओठ घट्ट आवळून धरले होते. व्हॅनमधल्या पलंगावर ठेवलं, उशा लावल्या. मी त्यांच्या पायाशी बसलो. सिस्टर पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसल्या तशा कुसुमताई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "ते पेडल दाबणारे तुम्हीच ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"मला सगळं कळतं. ही रोज संध्याकाळी येते आणि ब्रेकचं सांगत बसते. कुठला नट, कुठली नळी. आमच्या मजल्यावरच्या आजीबाईंनासुद्धा बूस्टर म्हणजे काय ते पाठ झालंय."

मग त्यांनीच सांगितलं. वॉर्डाच्या जिन्यावरून पडल्या, मणका गेला, ऑपरेशनं झाली, दुखणं काही गेलं नाही. बसता येत नाही. गाडीत झोपवून नेलं तर प्रत्येक धक्क्याला पाठीत सुरा फिरतो. शेवटचं तपासणीला नेलं तेव्हा अर्ध्या वाटेत त्यांनी ड्रायव्हरचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. परत आल्यावर त्यांनी सिस्टरांना निक्षून सांगितलं, की आता मला कुठल्याही गाडीत घालायचं नाही. जे व्हायचं ते याच खोलीत होऊ दे.

"मी म्हटलं, विजे, मी गाडीत बसणार नाही म्हणजे नाही. तर म्हणाली, बसू नकोस, झोपून ये." कुसुमताई हसल्या, आणि गाडी सुरू झाली तसं हसणं थांबलं. त्यांनी पलंगाची कड पकडली. बोटांची पेरं पांढरी झाली.

पहिल्या सिग्नलला त्यांनी डोळे मिटले आणि धक्क्याची वाट बघत राहिल्या. धक्का आला नाही. त्यांनी एक डोळा उघडून मला विचारलं, "थांबलो?"

"केव्हाच."

पुढच्या सिग्नलला त्या डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या. त्याच्या पुढच्या वेळी त्या मला त्यांच्या हॉस्टेलच्या खानावळीतल्या वांग्याच्या भाजीबद्दल सांगत होत्या, आणि गाडी थांबली काय, निघाली काय, भाजीचं वर्णन काही तुटलं नाही. मी पुढच्या आरशात बघितलं. आरसा रस्त्याकडे नव्हताच. तो पलंगाकडे वळवलेला होता, आणि सिस्टरांचे डोळे सारखे रस्त्यावरून आरशात, आरशातून रस्त्यावर जात होते.

"शिवाजी पार्कला नेते," सिस्टर पुढून म्हणाल्या. "समुद्र दाखवते तुला."

"समुद्र कशाला? तो काय, भिंतीसारखाच. पडलेला असतो नुसता." कुसुमताई म्हणाल्या. "मला दादरला ने. फुलबाजारात. माणसं बघायचीत."

"रविवारची? अगं, तिथे पावलापावलावर ब्रेक लागेल."

"मग केलेस कशाला?"

ज्या बाईने मेस्त्रीला, चेअरमनला आणि आख्ख्या बिल्डिंगला एका वाक्यात गप्प केलं होतं, तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी गाडी दादरकडे वळवली.

फुलबाजाराच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, जागा मिळाली तिथे आम्ही उभे राहिलो. मी पडदे सारले, सरकतं दार उघडलं. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटाचा वास, डोक्यावर टोपल्या घेऊन "चलो चलो, बाजू" करत धावणारे हमाल. कुसुमताई बघत होत्या. एका बाईने वेणीचा भाव पाडून मागितला तर म्हणाल्या, "देणार नाही तो, बघा." त्याने दिला नाही. कुणाच्या साडीचा रंग, कुणाची चाल, कुणाचं कडेवरचं रडणारं पोर, सगळ्यांवर त्यांचं बारीक आवाजात काहीतरी चाललेलं. मी सोनचाफ्याची दोन फुलं आणून हातात दिली. ती नाकाशी धरून त्या पडून राहिल्या. मग बोलणं आलंच नाही. बघितलं तर झोपल्या होत्या. बाहेर हॉर्न, भांडणं, भावताव, आणि त्या तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपलेल्या.

सिस्टर पुढून मागे आल्या आणि पलंगाशेजारी खाली बसल्या, गाडीच्या जमिनीवर, त्या कोऱ्या साडीत. एक हात कुसुमताईंच्या पांघरुणावर.

तेवढ्यात ट्रॅफिकच्या हवालदाराने काचेवर टकटक केली. "ओ, गाडी हलवा. इथं उभी करायची नाही." सिस्टरांनी बोट ओठांवर ठेवलं. हवालदार आत डोकावला. त्याने पलंगाकडे बघितलं, खाली बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे बघितलं, आणि मागे जाऊन आमच्या मागचा टेम्पो हाताने दुसऱ्या बाजूने काढून दिला.

"गोळी न घेता झोपली," सिस्टर म्हणाल्या. इतक्या हळू, की मला त्यांच्या ओठांवरूनच कळलं. "किती वर्षांनी."

त्यांनी चेहरा पलंगाच्या कडेला टेकवला. मी दुसरीकडे बघितलं. दार लावावं असं वाटलं, पण त्या गाडीचं सरकतं दार लावलं की खडाड आवाज होतो. मी ते तसंच उघडं ठेवलं, आणि खाली उतरून दारात पाठ करून उभा राहिलो.